एकशे पाच किलोंचा शब्द

सुनावणीला तीन तास उरले होते आणि थोरला आरशापुढे उभा राहून श्वास मोजत होता.

"चार आकडे आत," छातीमास्तर म्हणाले. "चार आकडे धरून ठेवा. सहा आकडे बाहेर. आणि चेहऱ्यावर काय?"

"स्मित," थोरला म्हणाला आणि दाढ दुखत असल्यासारखा हसला.

"हे असलं तोंड घेऊन गेलास," खिडकीजवळच्या खुर्चीतून त्याची आई, सगळ्या घराची मोठीआई, म्हणाली, "तर समिती आधी दाताच्या डॉक्टरला बोलावेल आणि मग आपला शिक्का काढून घेईल."

छातीमास्तरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांच्या कार्डावर त्यांचं नाव सोनेरी अक्षरांत होतं आणि त्याखाली 'आत्मविश्वास प्रशिक्षक' हे त्याहून मोठ्या अक्षरांत. पण दीड वर्षापूर्वी या घराचा उंबरठा ओलांडताच ते सगळ्यांना "छाती पुढे!" म्हणाले, आणि मोठीआईने तिथल्या तिथे त्यांना नाव ठेवून दिलं. तेव्हापासून खालच्या कारखान्यातले सुतारही त्यांना त्याच नावाने ओळखायचे.

कारखान्यावरच्या या खोलीत आज सगळं घर जमलं होतं. एरवी एकमेकांच्या ताटातलं न बघवणारी माणसं आज एका सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसली होती, यावरूनच प्रसंग केवढा ते कळत होतं. रंगारी पडून नऊ दिवस झाले होते. दवाखान्याची भिंत रंगवताना सातवी पायरी मधोमध मोडली आणि तो बादलीसकट खाली आला. पाय दोन ठिकाणी मोडला. शिडी याच कारखान्यात बनलेली होती. आता सुरक्षा समिती ठरवणार होती की यांच्या शिड्यांवरचा शिक्का ठेवायचा की काढायचा. शिक्का गेला तर एकही दुकानदार यांची शिडी दारात उभी करणार नव्हता. मग तीन पिढ्यांचा कारखाना आणि चौदा सुतार, सगळेच घरी.

"मुद्दा एकच धरायचा," धाकटा म्हणाला. तो वकिलाकडे कारकून होता आणि त्याच्या बोलण्याला नेहमी फायलीचा वास यायचा. "हातात बादली घेऊन वर चढायची काय गरज होती? दोष चढणाऱ्याचा. संपलं."

"रंगारी बादली घेऊन नाही चढणार तर काय पंखा घेऊन चढेल?" मोठीआई म्हणाली.

"मी म्हणते, लाकूडवाल्यावर ढकला," थोरली सून म्हणाली. "पायरीत गाठ निघाली ना आतून? त्याने गाठीचं लाकूड का दिलं?"

"आणि आपण ते डोळे मिटून का घेतलं, असं विचारलं तर? तुला पुढे करू?" मोठीआईने विचारलं.

थोरली सून गप्प झाली. धाकटी सून तर आधीपासूनच गप्प होती. ती कारखान्यात शिड्यांना शेवटचा हात लावायची. पायऱ्यांच्या कडा घासून गुळगुळीत करायची. तिला काही विचारलं की उत्तर यायला इतका वेळ लागायचा की विचारणाऱ्याला आपण काय विचारलं तेच आठवेनासं व्हायचं. मोठीआईच्या लेखी ती मुकीच होती.

मोठीआईचं स्वतःचं मात्र तसं नव्हतं. शाळेत ती दोन वर्षं गेली, तिसऱ्या वर्षी मास्तरांनाच उलट प्रश्न विचारून घरी आली. पण बोलण्यात तिला अजून कोणी हरवलं नव्हतं. वखारवाले, दुकानदार, व्याही, सगळे तिच्यापुढे दोन वाक्यांत आटोपतं घ्यायचे. तिला वाटायचं, हाच आत्मविश्वास. त्यासाठी मास्तर लावणं म्हणजे चालायला येतं त्याने पाय भाड्याने आणणं.

"आता तुमची गोष्ट," छातीमास्तर थोरल्याला म्हणाले. "समितीपुढे उभं राहिलं की पहिल्या वाक्यात त्यांना जिंकायचं. तुमचा प्रवास सांगा. डोळ्यांत डोळे घालून."

थोरल्याने छाती पुढे काढली. "मित्रांनो! दीड वर्षापूर्वी मी एकशे सहा किलोंचा होतो. जिना चढलो की धाप लागायची. चारचौघांत बोलताना घाम फुटायचा. आज मी एकाहत्तर किलोंचा आहे, आणि मी कुणालाही घाबरत नाही!"

छातीमास्तरांनी टाळ्या वाजवल्या. थोरल्या सुनेने वाजवल्या. धाकट्यानेही बोटाला बोट लावल्यासारखं केलं.

"दादा," धाकटी सून म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. ती आपणहून बोलते हेच नवल होतं.

"दादा, तुम्ही एकशे पाचच्या खाली कधी आलात?"

"म्हणजे?"

"नाही, किती महिने झाले असतील?"

"सतरा," थोरला अभिमानाने म्हणाला. "पहिल्या महिन्यातच मी—"

आणि तो थांबला. त्याने आत घेतलेला श्वास आतच राहिला. खाली कारखान्यात कुणीतरी रंधा मारत होतं.

या घरात शिडी विकायला जाण्याआधी एक गोष्ट व्हायचीच व्हायची. शिडी भिंतीला लावायची, आणि घरातल्या सगळ्यात जाड माणसाने तिच्या अकराच्या अकरा पायऱ्यांवर एकेक करून उभं राहायचं. प्रत्येक पायरीवर दहा आकडे. ते झालं की मगच तापलेल्या लोखंडाने छाप उठवायचा आणि कागद चिकटवायचा: 'ही शिडी एकशे पाच किलोंखाली तपासली आहे.' एकशे पाच, कारण मोठीआईचे सासरे तेवढे होते. त्यांच्यानंतर तिचा नवरा उभा राहिला; त्याने ते वजन शेवटच्या आजारापर्यंत निष्ठेने सांभाळलं. या घरात जाडेपणा हा दोष नव्हता, हुद्दा होता. थोरला बाविसाव्या वर्षी एकशे पाचला पोहोचला तेव्हा मोठीआईने अख्ख्या कारखान्याला सुट्टी दिली होती. धाकटा जन्मभर फळीसारखा राहिला, म्हणून त्याला कधी कुणी शिडीवर उभं राहू दिलं नाही, आणि ते तो विसरलाही नव्हता.

थोरला बारीक होत गेला ते सगळ्यांनी पाहिलं. त्याच्या विजारी तीनदा आत घेतल्या. जो भेटेल तो त्याच्या पाठीवर थाप मारायचा. मोठीआईनेच नातेवाइकांना बोलावून त्याचा जुना पट्टा दाखवला होता, कुठल्या भोकापासून कुठल्या भोकापर्यंत आला ते. आणि रोज सकाळी तोच थोरला खाली जाऊन शिड्यांवर उभा राहत होता. प्रत्येक पायरीवर दहा आकडे. एकही चुकवला नाही.

"म्हणजे ती शिडी..." थोरली सून म्हणाली.

"ती एकच नाही," धाकटी म्हणाली. "तीनशे बारा."

मग जो गलका उठला तो खालच्या रंध्यालाही ऐकू गेला असेल. धाकटा म्हणाला, ह्यातला एक शब्द जरी बाहेर गेला तर संपलो. थोरली सून म्हणाली, तुम्ही तर वाटच बघत होतात. धाकटा म्हणाला, वहिनी, तुम्हीच त्यांना सकाळी सकाळी उकडलेला पाला घालत होतात. छातीमास्तर म्हणाले की नकारात्मक विचार दूर ठेवू या, आणि नवरा-बायको-दीर तिघांनी पहिल्यांदाच एका सुरात त्यांना गप्प बसायला सांगितलं.

"बास!" मोठीआई म्हणाली. बास झालं.

"थोरल्याने तिथे तोंड उघडायचं नाही. कुणीच उघडायचं नाही. मी बोलेन. चाळीस वर्षं हा कारखाना माझ्या जिभेवर चाललाय. त्या समितीला काय, दोन वाक्यांत गुंडाळते."

"पण आई, काय बोलणार?" धाकट्या सुनेने विचारलं.

"ते तिथे गेल्यावर सुचतं. बोलणाऱ्याला आधी ठरवावं लागत नाही."

धाकटीने बराच वेळ घेतला. मग म्हणाली, "मला आधी माहीत असावं लागतं. म्हणून मला वेळ लागतो."

"म्हणून तुला कुणी विचारत नाही," मोठीआई म्हणाली आणि चपला शोधायला उठली.

समितीची खोली लांबट होती. एका टोकाला टेबल, टेबलामागे तीन माणसं, मधे अध्यक्षबाई. वाळलेल्या शेंगेसारखी बाई. समोर टोक केलेल्या चार पेन्सिली आणि मोडलेली पायरी. उजवीकडच्या बाकावर रंगारी बसला होता, प्लास्टर केलेला पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून. नव्वद-पंच्याण्णव किलोंचा गडी. त्याने मोठीआईला पाहून मान लववली. हे तिला आवडलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. शिव्यांना उत्तर देता येतं.

"शिडी तुमच्या कारखान्याची?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"आमचीच. अख्ख्या शहरात विचारा, गेली तीन पिढ्या—"

"हो, ते अर्जात आहे. ही शिडी कोणी तपासली?"

मोठीआईने तोंड उघडलं. "चाळीस वर्षं मी स्वतः त्या कारखान्यात—"

"तेही आहे. मी विचारलं, कोणी तपासली."

आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता, घाईही नव्हती. बाई नुसती वाट बघत होती. आणि मोठीआईला आयुष्यात पहिल्यांदा उमगलं की तिच्या बोलण्याची आजवर कुणी वाटच पाहिली नव्हती. घरात लोक तिचं बोलणं संपायची वाट बघायचे. ती कुणाचं तरी वाक्य पकडायची आणि मुरगाळायची; तिला धरायला समोरचा चिडलेला हवा, नाहीतर भेदरलेला. इथे धरायला काहीच नव्हतं. एक साधा प्रश्न होता आणि त्याचं एक साधं उत्तर होतं, आणि तेच नेमकं द्यायचं नव्हतं.

"तुम्ही आम्हाला काय समजता?" ती म्हणाली. हे वाक्य घरात हमखास चालायचं.

"अजून काही नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "सावकाश सांगा. बसून सांगितलंत तरी चालेल."

मोठीआईची जीभ टाळूला चिकटली. मागे सगळं घर बसलं होतं, आणि त्यांच्या नजरा तिला पाठीवर टोचत होत्या. तिने चार आकडे आत, असं मनात म्हणून पाहिलं आणि स्वतःचाच इतका राग आला की तिसऱ्या आकड्यालाच ठसका लागला.

तेव्हा थोरला उठला.

त्याला बजावलं होतं, उठायचं नाही म्हणून. पण पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात त्याने आईला शब्दासाठी अडलेलं पाहिलं नव्हतं, आणि ते त्याच्याने बघवलं नाही. तो छाती पुढे काढून टेबलासमोर आला. चेहऱ्यावर स्मित होतं. गडबडीत त्याला जे पाठ होतं तेच तोंडात आलं.

"मित्रांनो! दीड वर्षापूर्वी मी एकशे सहा किलोंचा होतो, आणि आज मी—"

आपण कुठे निघालोय ते त्याला तिथे दिसलं. त्याने श्वास धरला. चार आकडे झाले, सहा झाले, दहा झाले. चेहरा लाल होत गेला, पण स्मित तसंच राहिलं.

"आज तुम्ही काय?" टेबलामागच्या एका माणसाने विचारलं.

"आज ते आजारी आहेत," धाकटा मागून ओरडला.

"मुळीच नाहीत!" छातीमास्तर त्याहून मोठ्याने ओरडले. "ते माझे सर्वांत यशस्वी विद्यार्थी आहेत! पस्तीस किलो!"

अध्यक्षबाईंनी पेन्सिल उचलली आणि परत खाली ठेवली.

रंगाऱ्याने घसा खाकरला. "मी एक विचारू का, बाई?" तो अध्यक्षबाईंकडे नाही, मोठीआईकडे बघत होता. "माझा बाप तुमचीच शिडी वापरायचा. तो सांगायचा, त्या घरातला सगळ्यात जाड माणूस आधी हिच्यावर उभा राहिलाय, म्हणून तू डोळे झाकून चढ. मी झाकूनच चढलो. माझ्या शिडीवर कोण उभं होतं?"

मोठीआईने त्याच्याकडे पाहिलं. टेबल, पेन्सिली, मागची सगळी माणसं, कुणीच तिला दिसेना. एक मोठा गडी दिसत होता आणि त्याचा पांढरा पाय. याला काय सांगायचं, एवढंच उरलं. आणि ते तर तिला माहीत होतं. सकाळपासून माहीत होतं.

"थांबा हं," ती म्हणाली. "सांगते. मला जरा क्रम लावू दे."

तिने क्रम लावला. खोली थांबली. थांबण्याने कुणाचं काही बिघडलं नाही, याचं तिला नवल वाटलं.

"माझा थोरला मुलगा उभा होता," ती म्हणाली. "अकरा पायऱ्यांवर, प्रत्येकीवर दहा आकडे. त्यात त्याने कसर केली नाही. पण तो बारीक झाला होता. कागदावर एकशे पाच लिहिलंय, आणि उभा होता तो त्याहून पुष्कळ कमी. किती कमी, ते त्या दिवशी कुणी मोजलं नाही. आमच्यात माणूस मोजायची पद्धत नव्हती. माणूस दिसला की आम्ही वजन धरून चालायचो."

कुणीतरी हसलं. मग टेबलामागचा एक हसला, मग दारातला शिपाई. हसणं खोलीभर पसरलं. घरी असती तर मोठीआईने पहिल्या हसणाऱ्याचे सात पूर्वज बाहेर काढले असते. तिचा आवाज कापत होता. कापू दे म्हणाली. हसणाऱ्यांना पुरतं हसू दिलं.

"तो बारीक होताना मी रोज पाहिला," हसू थांबल्यावर ती म्हणाली. "त्याच्या विजारी मीच आत घ्यायला दिल्या. खूश होते. शिडी माझ्या डोक्यातच आली नाही. ती यायला हवी होती. त्याला तिथे उभं मी केलं होतं, त्याने स्वतः जागा मागितली नव्हती. अशा तीनशे बारा शिड्या गेल्या आहेत. तुमचा पाय आमच्यामुळे मोडला. बादलीमुळे नाही, लाकूडवाल्यामुळे नाही. झालं माझं."

अध्यक्षबाईंनी बराच वेळ लिहिलं. मग त्यांनी आपसात बोलून निकाल सांगितला. शिक्का कायमचा काढत नाही, पण आजपासून थांबवला. तीनशे बाराच्या तीनशे बारा शिड्या पंधरा दिवसांत परत आल्या पाहिजेत. त्या तोललेल्या वाळूच्या पोत्यांखाली, निरीक्षकापुढे तपासायच्या. आणि प्रत्येक गिऱ्हाइकाकडे घरातल्याच माणसाने जाऊन तोंडी सांगायचं. एक जरी राहिली तरी शिक्का गेला.

व्हरांड्यात छातीमास्तरांनी तिला गाठलं. "काय तो संयम! काय ती लय! तो मधला विराम तर मी माझ्या पुढच्या वर्गात शिकवणार आहे."

"शिकवा," मोठीआई म्हणाली. "आधी कुणाचा तरी पाय मोडावा लागतो, तेही सांगा."

थोरला घरी येईपर्यंत बोलला नाही. तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने छातीमास्तरांकडून लिहून आणलेलं पत्र आईपुढे ठेवलं: 'प्रिय ग्राहक, गुणवत्तेच्या आमच्या अखंड प्रवासात आपल्या सहभागाची एक सुवर्णसंधी...'

"ह्यात शिडी कुठे आहे?" मोठीआईने विचारलं.

"ती दुसऱ्या पानावर येते."

तिने पत्राच्या चार घड्या केल्या आणि डुलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारल्या. "तोंडी म्हणालेत. चल, गाडी काढायला सांग धाकट्याला."

धाकट्याने सुट्टी काढली होती. का, ते त्याने सांगितलं नाही. तो टेंपो चालवायचा, मोठीआई उतरून सांगायची आणि थोरला शिडी उचलून गाडीत टाकायचा. पहिल्या दारात तिला तीनदा सुरुवात करावी लागली. दुसऱ्या दारात दोनदा. पाचव्या दारातल्या म्हाताऱ्याने अर्धा तास सुनावलं आणि तिने अर्धा तास ऐकून घेतलं. गाडीत बसल्यावर धाकटा म्हणाला, "आई, बरं वाटतंय ना?" आणि तिने त्याला त्या अर्ध्या तासाचं साचलेलं सगळं ऐकवलं. त्यानंतर तिला बरं वाटलं.

थोरला प्रत्येक दारात तिच्या मागे उभा राहायचा, चेहरा शिडीकडे करून. 'माझ्या मुलाने' हे शब्द आले की मान आणखी खाली जायची. ते तिला दिसत होतं. पण तोंडी सांगायचं म्हणजे ते शब्द यायचेच. त्यावर तिच्याकडे औषध नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वायरमनच्या पत्त्यावर गेले. तो दुकानात नव्हता. शेजाऱ्याने सांगितलं, मागच्या गल्लीत काम चाललंय. ते मागच्या गल्लीत वळले आणि धाकट्याने करकचून ब्रेक दाबला.

शिडी समोरच होती. खांबाला लावलेली, त्यांचा छाप असलेली. तिच्या नवव्या पायरीवर वायरमन उभा होता. माणूस म्हणजे कपाट होतं. कमरेला अवजारांचा पट्टा, खांद्यावर तारेचं वेटोळं. एका हाताने खांब धरलेला, दुसऱ्या हाताने तो वरचं काहीतरी पिळत होता, आणि प्रत्येक पिळाला त्याच्या पायाखालची पायरी कण्हत होती.

"अरे मेल्या—" हे मोठीआईच्या ओठांवर आलंच होतं.

थोरल्याने तिचा दंड धरला. धरला तो सोडला, आणि गाडीतून उतरला. पळाला नाही. छाती पुढे नव्हती, चेहऱ्यावर स्मितही नव्हतं. सुताराकडे फळी मागायला जावं तसा तो चालत खांबापाशी गेला, खांदा शिडीला टेकवला आणि दोन्ही हातांनी दांड्या धरल्या.

"दादा," तो वर बघून म्हणाला. "शिडीवाला आलोय. खालून धरलंय मी."

"धरायला कुणी सांगितलं?"

"धरतो. खाली येता का जरा? काम आहे."

"इथे माझं काम चाललंय ते दिसत नाही?"

"दिसतंय. मी म्हणतोय तेही तुमचंच काम आहे, माझं नाही. हातातली पक्कड पट्ट्यात ठेवा. हां. आता उजवा पाय खाली. पायरीच्या मधे नको, कडेला, दांडीला चिकटून. असाच. आता डावा."

काय होतं त्या आवाजात, मोठीआईला कळेना. मोठा नव्हता. गोड नव्हता. थोरला शिड्या तपासताना खालच्या सुताराशी बोलायचा तोच आवाज होता तो. बावीस वर्षांत तिने तो हजारदा ऐकला असेल आणि एकदाही तिकडे लक्ष दिलं नव्हतं.

"आठवी. जरा थांबा. श्वास घ्या."

वायरमनने श्वास घेतला. आपण का घेतोय ते त्याला माहीत नव्हतं, पण घेतला.

"सातवी. कडेला. तिच्यावर थांबू नका. सहावी. आता सगळं ठीक आहे."

गाडीत धाकट्याने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतं आणि ओठ हलवत एकेक पायरी मोजत होता. मोठीआईने स्वतःच्या तोंडावर हात दाबला होता. आपला आवाज आत्ता बाहेर पडला तर काय होईल ते तिला पुरतं माहीत होतं.

वायरमनचे पाय जमिनीला लागले. त्याने घाम पुसला. "बोल आता. काय एवढं?"

"ही शिडी मी तपासली होती," थोरला म्हणाला. त्याचा खांदा अजून शिडीलाच होता. "कागदावर एकशे पाच किलो लिहिलंय. मी तेव्हा शंभरच्या आत आलो होतो. त्यामुळे कागद खोटा आहे. तुमच्या शिडीसारखीच एक मोडली, एकाचा पाय मोडला. ही परत न्यायला आलोय. नीट तपासून पंधरा दिवसांत आणून देतो. तोवर दुसऱ्या कुणाची वापरा."

वायरमनने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग शिडीला पाहिलं. सातव्या पायरीवर नजर थोडी रेंगाळली.

"आणि हे तू मी वर असताना सांगितलं नाहीस."

"वर असताना सांगितलं असतं तर तुम्ही घाबरला असता."

"आणि तू?"

"मी घाबरलोच होतो," थोरला म्हणाला. "पण घाबरून चालण्यासारखं नव्हतं. खाली मीच होतो."

वायरमन एकाएकी खोऽखो हसला, कमरेचा पट्टा वाजेपर्यंत. "म्हणजे तू बारीक झालास आणि मी मरता मरता वाचलो!" गल्लीतली दोन-तीन माणसं थांबली. त्यांनाही त्याने सांगितलं, तीही हसली. थोरला उभा राहिला. मान खाली गेली नाही. हसणं संपल्यावर त्याने विचारलं, "मग नेऊ ना?"

"ने बाबा."

मोठीआई गाडीतून उतरली. एवढ्या वेळात तिच्या जिभेवर तीन टोमणे जमा झाले होते. एक वायरमनसाठी, एक गल्लीतल्या बघ्यांसाठी, आणि एक सवयीने थोरल्यासाठी. तिन्हींतला एकही तिने बाहेर येऊ दिला नाही. ती शिडीपाशी गेली आणि तिचं खालचं टोक उचललं.

"जड आहे, आई," थोरला म्हणाला. "सोड. मी नेतो."

"माहितीये जड आहे. वरचं टोक धर आणि पुढे चाल. आणि पुढच्या दारात तूच बोलायचंस. माझा घसा बसलाय."

घसा बसला नव्हता. गाडीत चढल्याबरोबर ती धाकट्याला म्हणाली की ब्रेक असा कोण मारतो, आणि पुढच्या वळणापर्यंत म्हणतच राहिली.